परसातला भुईमूग आणि उन्हातले पाच दिवस

घटस्थापनेच्या सुमारास कोल्हापूरच्या मंडईत मातीचा वास असलेल्या ओल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. जिल्ह्यातील खरिपाचा भुईमूग याच दिवसांत उपटला जातो आणि परतीचा पाऊसही बहुधा याच दिवसांत येतो. शेंग जमिनीतून वर येते तेव्हा तिच्यातील दाण्यात सुमारे ३५ ते ४५ टक्के पाणी असते. ते पाणी किती लवकर उतरते, यावर ती शेंग घरातल्यांचे पोषण करणार की यकृतावर भार टाकणार, हे बऱ्याच अंशी ठरते. बाजारातून दाणे आणताना हा मधला प्रवास आपल्याला दिसत नाही. परसातल्या वाफ्यात भुईमूग लावणाऱ्या कुटुंबाला तो सगळाच दिसतो. म्हणूनच या छोट्या पिकाची शिफारस एक वैद्यकीय व्यावसायिक या नात्याने करावीशी वाटते.

मूठभर दाण्यांचे मोल

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, कुळाने मूग-मटकीचा भाऊबंद. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. शिवाय फोलेट, नायसिन आणि मॅग्नेशियमही चांगल्या प्रमाणात असते. ‘डॉक्टर, दाण्याने कोलेस्टेरॉल वाढते ना?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. वनस्पतिजन्य पदार्थ असल्याने दाण्यात कोलेस्टेरॉल नसते आणि त्यातील स्निग्धांश बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला तुलनेने मानवणारा असतो. मात्र तो भरपूर असतो, हे विसरू नये. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वर दाण्याचा लाडू असा बेत झाला, की जळजळ होणारच. दोष दाण्याचा नसून प्रमाणाचा असतो. प्रौढ माणसाला दिवसाकाठी एक मूठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम दाणे पुरेत. त्यातून सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा आजार किंवा वारंवार होणारे मुतखडे असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वाफा, पेरणी आणि आऱ्या

भुईमुगाला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. नदीकाठच्या काळ्या चिकण मातीत शेंगा अडकून राहतात आणि उपटताना तुटतात. अशा मातीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफा एका कुटुंबाच्या हौसेला पुरतो. दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास त्यात सुमारे शंभर रोपे बसतात. पीक साधले, तर किलो-दीड किलो वाळक्या शेंगा हाती येतात. गच्चीवर फूटभर खोल, पसरट कुंडीत दोन-तीन रोपे लावता येतात.

बियाणे म्हणून साल न निघालेले, कच्चे, टपोरे दाणे घ्यावेत आणि ते ताज्या फोडलेल्या शेंगेतले असावेत. फुले प्रगती, टीएजी-२४ यांसारख्या उपट्या जाती परसाला सोयीच्या. दुकानातील बियाण्यावर बुरशीनाशकाचा रंगीत लेप असतो. असे उरलेले बी चुकूनही खाऊ नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि पेरल्यानंतर हात साबणाने धुवावेत. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, की पाच सेंटिमीटर खोलीवर एकेक दाणा टाकावा. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मोठ्या पावसाच्या भागात, आणि पाण्याची सोय असल्यास इतरत्रही, जानेवारीच्या उत्तरार्धात पेरून मे महिन्यात काढणी करणे अधिक सुरक्षित. वाळवण्यासाठी कडक ऊन हमखास मिळते. वळवाच्या सरींवर तेवढे लक्ष ठेवावे लागते.

महिनाभरात पिवळी फुले येतात. फुलाचे फलन झाले की त्याच्या तळाशी एक बारीक देठ वाढू लागतो आणि खाली वळून मातीत शिरतो. शेतकरी यांना आऱ्या म्हणतात. आरीच्या टोकाशी, मातीच्या अंधारात शेंग धरते. फूल वर आणि फळ खाली, हा चमत्कार मुलांना प्रत्यक्ष दाखवावा. आऱ्या सुटण्याच्या सुमारास रोपांच्या बुंध्याशी मातीची हलकी भर द्यावी. त्याच वेळी चौरस मीटरला वीसेक ग्रॅम जिप्सम मातीत मिसळावे, कारण शेंग आपल्याला लागणारे कॅल्शियम आजूबाजूच्या मातीतूनच शोषते. त्यानंतर मात्र खुरपणी थांबवावी. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र रोपाला पुरवतात, म्हणून युरियाची गरज सहसा पडत नाही.

शेवटचा महिना

शेंगा भरत असताना, काढणीपूर्वीच्या चार ते सहा आठवड्यांत, पाण्याचा ताण पडला आणि माती तापली, की ॲस्परजिलस जातीची बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. पावसाने ओढ दिली तर या काळात वाफ्याला बेताचे पाणी अवश्य द्यावे. भेगाळलेली शेंग आणि किड्याने पोखरलेली शेंग हेही या बुरशीचे दरवाजेच होत.

साधारण १०० ते ११५ दिवसांनी खालची पाने पिवळी पडू लागतात. एखादे रोप उपटून शेंग फोडून पाहावी. टरफलाची आतली बाजू काळसर-तपकिरी झाली असेल, तर शेंग पक्व समजावी. ती पांढरी असेल तर आठवडाभर थांबावे. घाईने काढलेला दाणा वाळल्यावर सुरकुततो. फार उशीर केला, तर शेंगा मातीतच सुटतात आणि उपट्या जातींना जागेवर कोंब फुटतात.

उन्हातले पाच दिवस

पाऊस नसलेला दिवस पाहून रोपे उपटावीत, माती झटकावी आणि शेंगा वर राहतील अशी उलटी मांडावीत. खायच्या ओल्या शेंगा त्याच दिवशी धुऊन, मीठ घालून उकडाव्यात. त्या रात्रभर पिशवीत कोंडून ठेवू नयेत. ओल्या शेंगांचा ढीग आतून गरम होतो, आणि ऊब व ओल बुरशीला एकत्र मिळतात.

उरलेल्या शेंगा तोडून, एकेरी थरात, जमिनीपासून उंच बाजेवर किंवा जाळीवर चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. दिवसातून दोन-तीनदा हलवाव्यात आणि दवाच्या आधी घरात घ्याव्यात. आभाळ भरून आले, तर पंख्याखाली पसरून ठेवाव्यात व ऊन पडताच पुन्हा बाहेर काढाव्यात. अशा वेळी पाचाचे आठ दिवस झाले तरी हरकत नाही. दाण्यातील ओलावा आठ-नऊ टक्क्यांपर्यंत उतरायला हवा. घरात तो मोजता येत नाही, पण ओळखता येतो: शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळतो, बोटांत चोळला की लाल साल सुटते आणि दाताखाली तो कट्‌कन फुटतो. दबणारा दाणा अजून ओला आहे. वाळक्या शेंगा न फोडता, गोणपाटाच्या किंवा कापडी पिशवीत, भिंतीपासून दूर टांगून ठेवाव्यात. टरफल हे दाण्याचे उत्तम संरक्षण आहे, म्हणून लागतील तेवढ्याच शेंगा फोडाव्यात.

हे विष काय आहे?

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिल्ले अचानक दगावली. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीने तयार केलेले विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागातील आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाण्यात आल्याने काविळीची साथ उद्भवली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. धान्य वेगळे, विष तेच.

असे तीव्र प्रसंग विरळ. खरी काळजी थोड्या-थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या विषाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या गटात ठेवले आहे. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे आणि हिपॅटायटिस-बी असलेल्या व्यक्तीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. या आजाराची लस घरातील प्रत्येक बालकाला मिळालीच पाहिजे, याचे हे आणखी एक कारण.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हे विष उष्णतेला दाद देत नाही. भाजण्याने, उकडण्याने किंवा तळण्याने बुरशी मरते, पण विष बरेचसे शिल्लक राहते. ‘भाजले की सगळे मरते’ हा समज म्हणूनच घातक आहे.

टाकण्याची शिस्त

आपल्या घरांत अन्न टाकणे पाप मानले जाते, आणि तो संस्कार चांगलाच आहे. परंतु त्याच्यापोटी एक सवय रुजली आहे. चांगले टपोरे दाणे पाहुण्यांसाठी निवडले जातात, आणि सुरकुतलेले, काळवंडलेले, कडवट दाणे कुटात किंवा चटणीत जातात. कूट झाल्यावर वाईट दाणा दिसेनासा होतो, लसूण-मिरचीत त्याची चवही लपते. विष मात्र बहुधा अशा मोजक्याच दाण्यांत एकवटलेले असते. ते निवडून काढले, तर धोक्याचा मोठा भाग घराबाहेर जातो.

म्हणून कूट करण्यापूर्वी दाणे ताटात पसरून उजेडात पाहावेत. हिरवट-पिवळी किंवा काळी बुरशी असलेले, रंग बदललेले, किडके, सुरकुतलेले व कोंब फुटलेले दाणे वेगळे काढावेत. खाताना कडू लागलेला दाणा लगेच थुंकावा. वेगळे काढलेले दाणे म्हशीच्या आंबोणातही घालू नयेत. जनावराने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश वेगळ्या रूपात दुधात उतरतो आणि दूध उकळल्याने तो जात नाही. गोठा असलेल्या घरात हे दूध शेवटी आपल्याच मुलांच्या पेल्यात येते. असे दाणे पुरून टाकावेत. लाकडी घाण्यावर तेल काढून घेणाऱ्यांनीही निवडलेलेच दाणे द्यावेत. घाण्याचे तेल रिफाइंड तेलासारखे शुद्धीकरणाच्या प्रक्रियेतून जात नाही.

मुलांच्या पानात

पाच वर्षांखालील मुलाला अख्खा दाणा देऊ नये. हसता-खेळता तो श्वासनलिकेत अडकतो आणि दुर्बिणीने काढावा लागतो. बारीक कूट किंवा पातळ पेस्ट मात्र सहा महिन्यांनंतर, वरच्या आहारासोबत, थोड्या प्रमाणात सुरू करता येते. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. दाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

वाफ्यातल्या किलोभर शेंगांनी घराची वर्षाची गरज भागणार नाही. पण ज्या मुलाने शेंग मातीतून काढली, उन्हात हलवली, कानाशी धरून खुळखुळ ऐकली आणि ताटातला काळा दाणा स्वतः वेगळा केला, ते मूल पुढे बाजारातला दाणाही पारखून घेईल. यंदाचा भुईमूग निघाला, की दाणे निवडण्याचे ताट घरातल्या मुलांसमोर ठेवा.