वाणिज्य पदवीला प्रत्यक्ष कामाची जोड

उन्हाळा सरता सरता विद्यापीठांचे निकाल लागू लागतात. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली मुले-मुली गुणपत्रिका घेऊन घरी येतात. घराण्यातील तो पहिलाच पदवीधर असला, तर त्या कागदाचे अप्रूप काही वेगळेच असते. आता मुलगा हिशेबाचा जाणकार झाला, बँकेत किंवा पतसंस्थेत त्याची सोय लागेल, अशी आई-वडिलांची साहजिक समजूत असते.

अशाच एका तरुणाची भेट काही काळापूर्वी एका ग्रामपंचायत कार्यालयात झाली. तो नुकताच प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला होता. स्वनिधीच्या खात्याचा हिशेब चालू होता. रोकड वहीप्रमाणे बँकेतील शिल्लक ८४,५०० रुपये होती, तर पासबुकात ९६,२०० रुपये दिसत होते. सरपंचताई त्याला कौतुकाने म्हणाल्या, "अरे, तू हेच शिकलास ना? मग हा फरक कशाचा ते सांग बरं." तरुण गोंधळला. बँक ताळमेळपत्रकावरील प्रश्न त्याने परीक्षेत सोडविला होता आणि त्यास चांगले गुणही मिळाले होते. परंतु खरे पासबुक आणि खरी रोकड वही शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर तीन वर्षांत एकदाही आला नव्हता.

शेवटी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीच उलगडा केला. एका ठेकेदारास दिलेला १२,००० रुपयांचा धनादेश अद्याप बँकेत वटला नव्हता आणि बँकेने आकारलेले ३०० रुपये शुल्क रोकड वहीत नोंदवायचे राहिले होते. ८४,५०० मध्ये १२,००० मिळवून ३०० वजा केले की ९६,२०० येतात. दहा मिनिटांचे काम! त्या तरुणाच्या बुद्धीत कमतरता नव्हती. त्याच्या शिक्षणात एक दुवा निसटला होता. हा दुवा कसा जोडता येईल आणि त्यात आपणा सर्वांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेढीवरची जुनी शाळा

व्यापाराचे शिक्षण आपल्याकडे पूर्वी पेढीवरच होत असे. मुनिमाच्या शेजारी बसून होतकरू मुलगा कीर्द लिहावयास शिके, मग खतावणी, मग तेरीज आणि अखेर ताळेबंद. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले आणि या विद्येला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. पुण्यात १९४३ साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाची स्थापना झाली. कालांतराने वाणिज्य शिक्षण जिल्ह्या-जिल्ह्यांत आणि तालुक्या-तालुक्यांत पोहोचले. आज लेखाशास्त्र व वित्त, बँकिंग व विमा, वित्तीय बाजार असे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रमही उपलब्ध आहेत.

या विस्तारामुळे शिक्षण सर्वांना खुले झाले, ही मोठीच गोष्ट होय. मात्र वर्ग आणि पेढी यांतील अंतर वाढले. मोठ्या शहरातील, व्यापारी घरातील मुलाला हे अंतर जाणवत नाही. काकांच्या कार्यालयात किंवा ओळखीच्या सनदी लेखापालाकडे तो सहज जाऊन बसतो. शेतमजुराच्या मुलीला असा काका नसतो. म्हणून प्रत्यक्ष अनुभव हा पदवीचाच भाग असणे तिच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे ठरते.

श्रेयांकांची व्यवस्था

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये पदवी अभ्यासक्रमाची जी पुनर्रचना झाली, तीत ही उणीव ध्यानात घेण्यात आली आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नवी रचना लागू झाली. तीत आंतरवासिता किंवा प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि लोकसहभागाचे उपक्रम यांना श्रेयांक देण्याची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात आणि आंतरवासितेचा एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे प्रत्यक्ष काम. अर्थात चार श्रेयांकांची आंतरवासिता म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरल्यास कामाचे वीस दिवस.

याखेरीज दुसरा, अधिक दीर्घ मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा. प्रारंभी तो प्रामुख्याने कारखान्यांतील कारागिरांसाठी होता. १९७३ च्या सुधारणेने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले आणि २०१४ च्या सुधारणेने कला, वाणिज्य इत्यादी शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक कर्मचारी आहेत, तिने २.५ ते १५ टक्के या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक करण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये शिकाऊ उमेदवारी पदवी अभ्यासक्रमातच अंतर्भूत करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यामुळे पदवीच्या काळातच किमान एक सत्र विद्यार्थी विद्यावेतन घेऊन काम शिकू शकतो. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेतून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग महाराष्ट्राला दाखविला. त्या परंपरेत वाढलेल्या राज्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

तालुका हीच प्रयोगशाळा

वित्त म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा शेअर बाजार उभा राहतो. सगळी मुले तेथे कशी जाणार, असा प्रश्न शिक्षक विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे: वित्तव्यवहार तालुक्यातही तितकाच खरा असतो. जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा, नागरी सहकारी बँक, पतसंस्था, विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, कृषी उत्पन्न बाजार समिती, करसल्लागाराचे कार्यालय, आडत दुकान आणि ग्रामपंचायत या सर्व वित्तशास्त्राच्या प्रयोगशाळाच होत.

ग्रामपंचायतीचेच उदाहरण घेऊ. लेखासंहिता, २०११ प्रमाणे पंचायतीला ३३ नमुन्यांत नोंदी ठेवाव्या लागतात. नमुना ५ ही सामान्य रोकड वही, नमुना ८ कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ कर मागणीची, तर नमुना १० ही कराची पावती. आकारणी, मागणी, वसुली आणि थकबाकी ही साखळी ज्या विद्यार्थ्याने एकदा स्वतः जुळवून पाहिली, त्याला महसुली उत्पन्न आणि येणे रक्कम यांतील भेद वेगळा शिकवावा लागत नाही. विविध कार्यकारी संस्थांचेही तसेच. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. जुन्या खतावण्यांतील शिल्लक संगणकात बिनचूक नेण्याच्या कामात वाणिज्य विद्यार्थ्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

एकशेवीस तासांचे नियोजन

प्रत्यक्ष काम म्हणजे केवळ हजेरी नव्हे. कामाची आखणी नसेल, तर विद्यार्थी झेरॉक्स काढण्यात आणि चहा सांगण्यात दिवस घालवितो आणि अखेरीस प्रमाणपत्र घेऊन परततो. असे प्रमाणपत्र देणारे अधिकारी आणि ते स्वीकारणारे प्राध्यापक दोघेही त्या मुलाचे नकळत नुकसान करतात. म्हणून साधारणपणे पुढीलप्रमाणे क्रम ठेवावा.

पहिले २० तास कागद ओळखण्यासाठी असावेत: पावती, प्रमाणक, धनादेश, भरणा चलन, पासबुक. पुढील ४० तासांत एका संपलेल्या महिन्याच्या नोंदी विद्यार्थ्याने कच्च्या वहीत स्वतः लिहून, मूळ वहीशी ताडून पाहाव्यात आणि ताळमेळपत्रक तयार करावे. त्यानंतरचे ३० तास एखाद्या विषयाला द्यावेत; उदाहरणार्थ, तीन वर्षांच्या थकबाकीचा कल किंवा मागील लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता. शेवटचे ३० तास अहवालासाठी आणि तो संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे तोंडी मांडण्यासाठी राखावेत.

काही पथ्येही आवश्यक आहेत. विद्यार्थ्याच्या हाती रोकड देऊ नये. संगणकाचा परवलीचा शब्द त्यास सांगू नये. खातेदारांची माहिती बाहेर जाणार नाही, असे लेखी हमीपत्र त्याच्याकडून घ्यावे. संस्थेतील एका जबाबदार व्यक्तीकडे त्याचे मार्गदर्शन सोपवावे आणि प्राध्यापकांनी किमान दोनदा जागेवर येऊन त्याची दैनंदिनी तपासावी.

ठेवीदाराचेही हित

या शिक्षणाचा लाभ एकट्या विद्यार्थ्यापुरता नाही. बचत गटातील एखाद्या भगिनीने एक लाख रुपयांचे कर्ज दोन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले, असे समजू. व्याज सरसकट मूळ रकमेवर आकारले, तर ते २४,००० रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे ५,१६७ रुपयांचा पडतो. घटत्या शिलकीवर आकारले, तर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १३,००० रुपये. दर दोन्हीकडे १२ टक्केच. फरक मात्र अकरा हजारांचा! हा फरक गावात बसून समजावून सांगणारी मुलगी घरोघरी हवी आहे.

ठेवींचेही असेच आहे. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली. हे संरक्षण व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते लागू नाही. आयुष्याची पुंजी ठेवताना किती जणांना हे ठाऊक असते? संस्थेचा ताळेबंद वाचता येणारा, थकीत कर्जाचे प्रमाण पाहून वेळीच प्रश्न विचारणारा तरुण वार्षिक सर्वसाधारण सभेत बसला, तर पुढील कित्येक अनर्थ टळू शकतात.

पदवीनंतरच्या वाटा

प्रत्यक्ष अनुभवामुळे पुढील परीक्षांची वाटही सुकर होते. सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी शासकीय सहकार व लेखा पदविका ही परीक्षा आवश्यक अनुभवासह सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे क्षेत्र खुले करते. सनदी लेखापालाच्या शिक्षणक्रमातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा कालावधी जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षे करण्यात आला. रोखे बाजारात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षा आहेत. या संस्थेचा परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. बँकांच्या भरती परीक्षा तर सर्वपरिचितच आहेत. यांपैकी कोणती वाट आपली, हे ठरविण्यासाठीसुद्धा एकदा कामाच्या टेबलाशी बसून पाहावे लागते.

आपला वाटा

ही व्यवस्था कागदावर सिद्ध झाली आहे. ती कागदावरच राहावी की गावागावांत रुजावी, हे बव्हंशी या पानांच्या वाचकांच्या हाती आहे. प्राचार्यांनी सत्राच्या प्रारंभीच तालुक्यातील संस्थांची यादी करून त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयात दोन विद्यार्थ्यांसाठी एक टेबल आणि आठवड्यातून एक तास राखून ठेवावा. पंचायत सदस्यांनी आपल्या गावची कोणती मुले वाणिज्य शिकत आहेत याची चौकशी करावी आणि त्यांना पंचायतीच्या वह्यांपर्यंत आणावे. मुलींच्या येण्याजाण्याची सोय कशी होईल, हेही पाहावे. अनेकींची आंतरवासिता एस. टी. च्या शेवटच्या फेरीवर अवलंबून असते.

लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेला तरुण त्या दिवशी खाली मान घालून निघून गेला नाही. त्याने दुसरे पासबुक मागून घेतले आणि संध्याकाळपर्यंत बसून मागील महिन्याचा ताळमेळ स्वतः लावला. चार रुपयांचा फरक राहिला, तोही त्याने शोधून काढला. हे काम तीन वर्षे आधीच त्याच्या हाती पडले असते, तर ती प्रथम श्रेणी अधिक सार्थ झाली असती. पुढच्या वर्षी पदवी घेणाऱ्या त्याच्या भावंडांना तरी ती संधी वेळेवर मिळो.