दुधाच्या दाढेची मुदत ठेव

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतल्या एका आजींनी परवा विचारलं, ‘‘साहेब, दुधाची दाढ पडणारच ना? मग नातवाला रूट कॅनाल कशाला?’’ मी जुन्या सवयीने बँकेच्या भाषेत सांगितलं, ‘‘ती मुदत ठेव आहे!’’ मागची दुधाची दाढ १०-१२ वर्षांपर्यंत टिकायची असते. मुदतीआधी ती काढली, की शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाताची जागा अडते.

आजींचा भरवसा लवंगेवर. ती तर दवाखान्यात केव्हाच पोचली आहे! लवंगतेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दुधाच्या दातांच्या मुळांत भरतात. फॉर्मोक्रेसॉल हे औषधही दंतवैद्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. पण त्यातलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला. तेव्हा कोरफड, हळद, त्रिफळा यांच्याही चाचण्या झाल्या. निष्कर्ष आशादायक, पण चाचण्या लहान आहेत.

मात्र घरच्या बोळ्याने ठणका थांबतो, आतली कीड नाही. शिवाय लवंगतेल पोटात गेलं, तर लहान मुलाला अपाय होतो. गाल सुजला, की आजीबाईंनी बटवा मिटावा आणि नातवाला घेऊन दंतवैद्य गाठावा.