घरातील राउटर आणि श्रावकाची सावधानता

खडकी बाजारातील अनेक व्यापारी कुटुंबांचे दुकान आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली असते. बिलिंगचा संगणक, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचे प्रवचनश्रवण हे सर्व भिंतीवरच्या एका लहानशा वायफाय राउटरमधून चालते. तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असते. राउटरची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

राउटर हा स्वतः एक छोटा संगणकच आहे. त्याच्या सेटिंगच्या पानावर नाव, पत्ता, देश असे रकाने असतात. त्यांत भरलेला मजकूर तपासून न घेता आतील यंत्रणेकडे जसाच्या तसा पाठवला गेला, तर माहितीच्या मागे चिकटवलेला परका हुकूमही ती यंत्रणा पाळते. या दोषाला ‘कमांड इंजेक्शन’ म्हणतात. धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिल्यावर ‘फक्त’ लिहून पुढे रेघ ओढण्याची शिस्त आपण पाळतो. कारण मोकळ्या जागेत कोणी चार शब्द वाढवले, तर आपल्याच सहीने त्याचा हेतू साधतो. येथेही तेच घडते. फरक एवढाच, की बँकेतील कारकून शंका घेऊ शकतो. राउटर घेत नाही.

टीपी-लिंक कंपनीच्या आर्चर एएक्स२१ या राउटरचे उदाहरण बोलके आहे. त्यात ‘देश’ या रकान्यातूनच हुकूम घुसवता येत असे, आणि त्यासाठी पासवर्डही लागत नसे. डिसेंबर २०२२ मध्ये टोरांटो येथील स्पर्धेत संशोधकांनी हा दोष दाखवला. कंपनीने मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती उपलब्ध केली. तरीही एप्रिलमध्ये ‘मिराय’ या घातक प्रणालीचे चालक त्याच दोषातून, दुरुस्ती न बसवलेल्या राउटरांत शिरू लागले. औषध आले होते. ते घेतले गेले नव्हते.

आपल्या देशातही इशारा मिळून चुकला आहे. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकातील भारत संचार निगमच्या हजारो ग्राहकांचे मोडेम घातक प्रणालीच्या हल्ल्याने बंद पडले. तेथील दोष वेगळा, अधिक साधा होता: कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता.

असा राउटर हाती लागल्यावर चोरटा आपल्याला बनावट संकेतस्थळाकडे वळवू शकतो. पण हानी घरापुरती राहत नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिरायने बळकावलेल्या घरगुती कॅमेरे व तत्सम उपकरणांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा ठप्प झाल्या. त्या उपकरणांच्या मालकांना याची कल्पनाही नव्हती.

श्रावकाने येथे थांबून विचार करावा. अनर्थदंडविरमण व्रतात प्रमादाचरण वर्ज्य आहे, तसेच हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणेही वर्ज्य आहे. आपण ते साधन हेतुपुरस्सर देत नाही, हे खरे; परंतु उघडे टाकलेले शस्त्र कोणी उचलले, तर उघडे टाकणाऱ्याचा प्रमाद उरतोच. पाणी गाळून घेणाऱ्या घराला ही दक्षता परकी वाटू नये.

उपाय सोपे आहेत. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. तो प्रथम बदलावा. फर्मवेअर, म्हणजे राउटरची आतील प्रणाली, अद्ययावत करावी. राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला असल्यास तिच्याकडे तशी मागणी करावी. बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय, रिमोट मॅनेजमेंट, बंद ठेवावी. गिऱ्हाइकांना व पाहुण्यांना वेगळे ‘गेस्ट’ वायफाय द्यावे. राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याने मिरायसारखी प्रणाली तात्पुरती पुसली जाते, पण मूळ छिद्र तसेच राहते. म्हणून कंपनीने ज्याची दुरुस्ती देणे थांबवले आहे, तो राउटर चालता असला तरी बदलावा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे संगणक व मोबाइल तपासण्याची साधने विनामूल्य मिळतात. खात्यातून पैसे गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे.

दिवाळीला वहीपूजन करताना आपण वर्षाचा हिशेब तपासतो. त्याच दिवशी राउटरचा पासवर्ड आणि फर्मवेअरही तपासण्याचा प्रघात घराघरांत पडावा.