वारंवार मिटणारा ब्राउझर : एका घरांतील निदान

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या घरच्या संगणकावरील ब्राउझर, म्हणजे ज्या खिडकींतून आपण संकेतस्थळें पाहतों तो, दर दहापंधरा मिनिटांनीं आपोआप मिटूं लागला. संगणक माजघरांत आहे व तो अकरा माणसांचा आहे; तेव्हां अडचण एकट्याची नव्हती. धाकट्या बंधूंच्या कन्येस शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता, मुदतीस तीन दिवस उरले होते, आणि अर्जाचें चौथें पान आलें कीं खिडकी नाहींशी व्हावी व भरलेला मजकूर जावा, असें तीनदां झालें. मुलगी रडकुंडीस आली.

अशा वेळीं घरांत वैद्य पुष्कळ निघतात. आमचे वडील बंधु दादा यांनीं यंत्राचें आयुष्य संपलें असा निर्णय दिला. सूनबाईंनीं इंटरनेटच्या जोडणीवर ठपका ठेविला. नातवानें 'व्हायरस' हा एकच शब्द उच्चारला व तो खेळावयास गेला. दुरुस्तीवाल्यानें फोनवरून सांगितलें कीं सर्व पुसून नव्यानें भरावें. त्या 'सर्वां'त आमच्या मातोश्रींचीं छायाचित्रें होतीं व आम्हीं चार वर्षें खपून टंकिलेलीं व्याकरणाचीं टिपणें होतीं. बोट दुखतें म्हणून हात कापण्यापैकींच हा सल्ला.

आम्ही या विद्येंतले जाणते नव्हे. आयुष्य शब्दरूपें घोकून घेण्यांत गेलें. परंतु कारण शोधण्याची अन्वयव्यतिरेकाची जी रीत आपल्या न्यायशास्त्रांत आहे, ती येथें चालावयास हरकत कोणती? जें असतां कार्य घडतें व जें नसतां घडत नाहीं, तें कारण. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. पांच उपाय एकदम केले आणि गुण आला, तर कावळा बसावयास व फांदी मोडावयास गांठ पडली एवढेंच कळतें. म्हणून एक जुनी वही घेऊन आम्ही मुलीशेजारीं बसलों.

पहिला प्रश्न हा कीं बंद पडतें तें नक्की काय? एकच पान निकामी होऊन बाकीचीं चालू राहत असतील, तर दोष बहुधा त्या पानाचा. २००८ सालीं निघालेल्या क्रोमची रचनाच अशी आहे कीं निरनिराळीं पानें बहुधा वेगळ्या प्रक्रियांत चालावीं. एक पडलें तरी त्यानें दुसऱ्यास ओढूं नये. उलट सबंध संगणकच बंद होऊन पुन्हां सुरू होत असेल, तर उष्णता, वीजपुरवठा किंवा रॅम यांकडे पाहावें. पंख्यावरची धूळ झाडावी. आमचा प्रकार तिसरा : संगणक सुरळीत, ब्राउझर मात्र समूळ नाहींसा.

संगणक बंद करून सुरू केला, ब्राउझरची नवी आवृत्ति घेतली, फरक नाहीं. (ज्यांच्या घरीं विंडोज ७ किंवा ८.१ आहे, त्यांस क्रोमची १०९ वी आवृत्ति हीच शेवटची. २०२३ पासूनच्या पुढील आवृत्त्या तेथें चालत नाहींत.) मग तेंच संकेतस्थळ फायरफॉक्समध्यें उघडलें. अर्धा तास कांहीं झालें नाहीं. सूनबाईंचा आक्षेप येथें निकालांत निघाला. जोडणी तुटली तर पान उघडत नाहीं, खिडकी मिटत नाहीं.

नंतर क्रोमचीच 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडली. आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तींत एक्स्टेन्शनें चालत नाहींत. तेथें चौथें पान निर्विघ्न भरलें! म्हणजे संशय एक्स्टेन्शनांवर. यादी पाहिली तों आठ निघालीं. कोणी कोणतें बसविलें, याची चौकशी करतांच घरांत एकदम शांतता पसरली. आठांपैकीं चार बंद केलीं, मग उरलेल्यांतलीं दोन, मग एक. तीन फेऱ्यांत चोर सांपडला. खरेदींत सवलत शोधून देण्याचें वचन देणारें तें एक्स्टेन्शन होतें. शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर क्रोमचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत पाहिलें तर आमच्या अवघ्या ४ जीबी रॅममधला मोठा घांस त्याचाच होता. तें काढून टाकलें. अर्ज त्याच रात्रीं पावणेअकरा वाजतां गेला.

त्याच दिवशीं दुपारीं जें घडलें तें दादांच्या अनुज्ञेनें लिहितों. आम्ही जेवावयास उठलों असतां दादांनीं स्वतः उपाय शोधूं म्हणून एका जाहिरातीवर बोट ठेविलें. पडदाभर लाल पान, भोंग्याचा आवाज, आणि 'आपला संगणक धोक्यांत आहे, या क्रमांकावर बोला'. दादांनीं फोन लाविला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत अदबीनें बोलला, संगणक दुरून हाताळण्याचें साधन त्यानें उतरवून घ्यावयास लाविलें, व 'आतां बँकेचें पान उघडा' म्हणाला. वहिनींनीं तें ऐकलें व भिंतींतील बटण बंद केलें. त्या खात्यांत दादांचें सारें निवृत्तिवेतन होतें. वहिनी इयत्ता सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं ब्राउझरचे खरे कर्ते पडद्यावर असा क्रमांक देऊन बोलावीत नाहींत. पान मिटत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच तर क्षणाचा विलंब न करितां १९३० या क्रमांकावर कळवावें. आम्हीं तें साधन काढून टाकलें, दुसऱ्या यंत्रावरून बँकेचा पासवर्ड बदलला व मगच पुढें गेलों.

रविवारीं पुतण्याशीं चित्रसंभाषण चाललें असतां ब्राउझर पुन्हां पडला. आमचा थोडा गर्व उतरला. वही उघडली : चित्र हलत असलें कीं पडतो, अक्षरें वाचतांना नाहीं. सेटिंग्जमधील 'सिस्टिम' या भागांत ग्राफिक्स ॲक्सिलरेशन म्हणून एक कळ असते. चित्रें रंगविण्याचें काम ती चित्रांच्या स्वतंत्र चिपकडे सोंपविते, आणि त्या चिपचा ड्रायव्हर जुना असला तर काम मोडतें. कळ बंद केली, ब्राउझर पुन्हां सुरू केला. तासभर संभाषण झालें. पुढच्या आठवड्यांत यंत्राच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेतला व कळ पुन्हां चालू केली. त्यास आतां अडीच महिने झाले. वहींत सध्यां वहिनी दुधाचा हिशेब लिहितात.