हासेगावचे सेवालय



लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात हासेगाव आहे. तेथे श्री. रवी बापटले यांनी २००७ साली ‘सेवालय’ सुरू केले. एच.आय.व्ही. घेऊन जन्मलेली, आईबाप गेलेली लेकरं तिथं एका घरासारखी राहतात.

निवारा मिळाला, गाव मिळायचे होते. २००९ साली ही मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात म्हणून पालकांनी आपली पोरं घरी ठेवली. आपण काय केलं असतं? भीती पोटच्या पोरांसाठी होती, पण चुकीची होती. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून किंवा डास चावून हा रोग होत नाही. या लेकरांना तो आईकडून आला. आता गरोदरपणीच तपासणी करून औषध घेतले तर बाळाला बहुधा लागण होत नाही.

सरकारी औषध २००४ पासून फुकट मिळू लागले. मात्र गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर! पोर कंटाळतं, मागं लागणारं माणूस लागतं. सेवालयात ते माणूस आहे.

२०१७ च्या कायद्याने अशा मुलाला शाळा नाकारता येत नाही. त्याची मालमत्ताही बळकावता येत नाही. तशी तक्रार बालकल्याण समितीकडे करता येते. तेव्हा भावकीत असं पोर असेल तर बापाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले का, ते तलाठ्याकडे जाऊन बघा. बापाचा कारखान्याचा शेअर असेल, तर तोही.