विद्यार्थी विधिसाहाय्य केंद्रे

विद्यार्थी विधिसाहाय्य केंद्रे : विधी महाविद्यालयांतील व विद्यापीठांच्या विधिविभागांतील विद्यार्थ्यांनी, अध्यापकांच्या किंवा अधिवक्त्यांच्या देखरेखीखाली, परिसरातील गरीब व दुर्बल लोकांना कायदेविषयक माहिती, सल्ला व साहाय्य विनामूल्य देण्यासाठी चालविलेली केंद्रे. वैद्यकाचा विद्यार्थी ज्याप्रमाणे रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांच्या सहवासात शिकतो, त्याप्रमाणे विधीच्या विद्यार्थ्यानेही प्रत्यक्ष पक्षकाराची अडचण समजावून घेऊन कायदा शिकावा, ही या केंद्रांमागील शैक्षणिक कल्पना होय. तिला सामाजिक न्यायाच्या कल्पनेची जोड आहे. ज्यांना वकिलाचे शुल्क परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने कायद्याने दिलेले हक्क बव्हंशी कागदावरच राहतात. हे अंतर काही प्रमाणात तरी भरून काढणे, हा या केंद्रांचा दुसरा व तितकाच महत्त्वाचा हेतू आहे.

कार्यपद्धती : केंद्राचे काम सामान्यतः तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार व्यक्तिगत साहाय्याचा. केंद्रात आलेल्या व्यक्तीची हकीकत विद्यार्थी ऐकून घेतात, तिची टिपणे करतात, कागदपत्रे तपासतात आणि संबंधित कायदा शोधून अध्यापकापुढे मांडतात. अध्यापकाने संमती दिल्यावर अर्ज, नोटीस, प्रतिज्ञापत्र किंवा तक्रार यांचा मसुदा तयार होतो. प्रकरण न्यायालयात न्यावयाचे असल्यास ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा स्वयंसेवी अधिवक्त्याकडे सोपविण्यात येते. पोटगी, थकलेले वेतन, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरील वारसनोंद, घरातून अथवा झोपडीतून निष्कासन हे अशा प्रकरणांचे नेहमीचे विषय होत. यांतील पुष्कळ प्रश्नांना दाव्याची आवश्यकता नसते. योग्य कार्यालयाकडे योग्य नमुन्यात अर्ज गेला आणि त्याचा पाठपुरावा झाला, तर ते सुटू शकतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे अशा पाठपुराव्यास एक उपयुक्त साधन उपलब्ध झाले.

दुसरा प्रकार कायदेविषयक साक्षरतेचा. वस्त्या, शाळा, ग्रामसभा आणि कामगारांचे नाके येथे जाऊन विद्यार्थी व्याख्याने, पथनाट्ये व प्रश्नोत्तरे यांच्या द्वारा लोकांना त्यांच्या हक्कांची ओळख करून देतात. तिसऱ्या प्रकारात पाहणी व संशोधन यांचा समावेश होतो. तुरुंग, सुधारगृहे, महिलागृहे व वेठबिगारीची ठिकाणे यांस भेटी देऊन तेथील परिस्थितीचा अहवाल तयार करणे आणि त्याच्या आधारे शासनाकडे किंवा न्यायालयाकडे दाद मागणे, हे काम त्यात येते. तुरुंगातील कामाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (१ जुलै २०२४ पासून लागू) हिच्या कलम ४७९ नुसार, मृत्युदंड वा आजन्म कारावास यांस पात्र नसलेल्या गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढला असल्यास त्याला जामिनावर सोडावे लागते. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही मर्यादा एक तृतीयांश आहे. या तरतुदीस काही अपवाद असले, तरी अनेक कैद्यांना ती मुळातच ठाऊक नसते. कोठडीतील दिवस मोजणे, गुन्ह्याचे कलम पाहणे आणि अर्जाचा मसुदा करणे, ही कामे विद्यार्थी करू शकतात. त्यांतील अचूकतेवर एखाद्या माणसाची मुक्तता अवलंबून असते.

परदेशांतील विकास : या चळवळीचा आरंभ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विधीच्या विद्यार्थ्यांनी १८९३ मध्ये गरिबांसाठी सल्लाकेंद्र काढले. हार्व्हर्ड येथे १९१३ मध्ये विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली विधिसाहाय्य संस्था अद्यापि कार्यरत आहे. तत्कालीन अमेरिकन विधिशिक्षण मुख्यतः छापील न्यायनिर्णयांच्या अभ्यासावर आधारलेले होते. जेरोम फ्रँक या कायदेपंडिताने १९३३ मध्ये एका लेखातून या पद्धतीवर टीका केली व वैद्यकीय शिक्षणाप्रमाणे विधिशिक्षणातही चिकित्सालये असावीत, असे प्रतिपादन केले. तथापि या विचारास व्यापक स्वरूप १९६० नंतरच्या दशकात आले. नागरी हक्कांच्या चळवळीमुळे विद्यार्थ्यांमध्ये सामाजिक जाणीव वाढली होती. फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९६८ मध्ये स्थापन झालेल्या परिषदेने अनेक विद्यापीठांना अशा उपक्रमांसाठी अनुदाने दिली. अमेरिकन बार असोसिएशनने १९६९ मध्ये एक आदर्श नियम प्रसृत केला. त्यानुसार ठरावीक शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास, अधिवक्त्याच्या देखरेखीखाली, गरीब पक्षकारातर्फे न्यायालयात उभे राहण्याची मुभा मिळू शकत होती.

कॅनडात टोराँटोच्या पार्कडेल भागात ऑसगुड हॉल विधी विद्यालयाच्या सहभागाने १९७१ मध्ये वस्तीतच केंद्र उघडण्यात आले. जॉर्जटाउन विद्यापीठात १९७२ मध्ये विद्यार्थ्यांनी शाळांत जाऊन व्यवहारोपयोगी कायदा शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचे अनुकरण पुढे दक्षिण आफ्रिकेसह अनेक देशांत झाले. वर्णविद्वेषी राजवटीच्या काळात केप टाउन विद्यापीठात १९७२ मध्ये निघालेले केंद्र हे विशेष उल्लेखनीय आहे. न्यूयॉर्कमधील कार्डोझो विधी विद्यालयात १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात, जनुकीय पुराव्याच्या आधारे निरपराध कैद्यांची सुटका करविण्याच्या कामी विद्यार्थ्यांचा सहभाग राहिला आहे.

भारतातील विकास : मुंबईत १९२० नंतरच्या दशकात विधिसाहाय्य संस्था निघाली होती. तथापि त्या काळातील विधिसाहाय्य म्हणजे मुख्यतः वकिलांनी केलेले परोपकाराचे कार्य होते. विद्यार्थ्यांच्या सहभागास १९७० च्या सुमारास चालना मिळाली. दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेतील अध्यापक व विद्यार्थी यांनी स्वेच्छेने विधिसेवा केंद्र सुरू केले. भिकाऱ्यांसाठीच्या न्यायालयांत व निवासगृहांत अडकलेल्या लोकांना साहाय्य करणे, हा त्याच्या कामाचा एक भाग होता. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ दिल्लीलाही लागू करण्यात आलेला होता. त्याखाली पकडल्या गेलेल्या व्यक्तीस वर्षभर किंवा अधिक काळ स्थानबद्ध ठेवता येत असे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, भिक्षा मागणे हा गुन्हा ठरविणाऱ्या त्यातील तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. बनारस हिंदू विद्यापीठाने त्याच सुमारास न्यायालयभेटी, विधिसाहाय्य केंद्रातील काम व वकिलांच्या कार्यालयातील उमेदवारी यांचा ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू केला.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७३ मध्ये सादर केलेल्या विधिसाहाय्यविषयक अहवालात विधी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा पुरस्कार केला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३९-क समाविष्ट झाला. आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकास न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, असे त्याचे तत्त्व आहे. एम. एच. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यास विनामूल्य विधिसाहाय्य मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचा भाग मानला. पुढे सुकदास खटल्यात (१९८६) त्याच न्यायालयाने, आरोपीने मागणी केली नाही एवढ्यावरून विधिसाहाय्य नाकारता येणार नाही, असे ठरवून कायदेविषयक साक्षरतेच्या प्रसारावर भर दिला. तत्पूर्वी १९८१ मध्ये उपेन्द्र बक्षी व लोतिका सरकार या विधीच्या प्राध्यापकांनी आग्रा येथील महिला संरक्षणगृहातील दुरवस्थेविषयी लिहिलेले पत्रच न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले होते. जनहित याचिकेच्या या मार्गामुळे विद्यापीठीय पाहणीस न्यायालयीन मोल प्राप्त झाले.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ (९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू) याच्या कलम ४ नुसार, विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांतील विधिसेवा केंद्रांच्या स्थापनेस मार्गदर्शन व उत्तेजन देणे, हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे एक कर्तव्य आहे. बंगलोर येथे एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने प्रात्यक्षिक शिक्षणास अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९७ मध्ये चार प्रात्यक्षिक विषय अनिवार्य केले. त्यांपैकी एक विषय जनहिताची वकिली व विधिसाहाय्य हा होता. परिषदेच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी शिक्षणसंस्थेस विधिसाहाय्य केंद्र ठेवणे बंधनकारक केले. मात्र अनिवार्य विषयांत जनहिताच्या वकिलीच्या जागी पर्यायी तंटानिवारण हा विषय आला. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २००९ च्या निमविधी स्वयंसेवक योजनेतही, अधिवक्ता म्हणून नोंदणी होईपर्यंत, विधी विद्यार्थ्यांची निवड करता येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने १९९५ मधील महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रागजी वशी हा निर्णय महत्त्वाचा आहे. राज्य शासन अन्य विद्याशाखांच्या खाजगी महाविद्यालयांना अनुदान देत असे. परंतु मान्यताप्राप्त खाजगी विधी महाविद्यालयांना ते मिळत नसे. विधिसाहाय्यासाठी सुशिक्षित वकील हवेत आणि त्यांसाठी सुसज्ज विधी महाविद्यालये हवीत, म्हणून अनुच्छेद २१ व ३९-क यांच्या एकत्रित अर्थानुसार अशा महाविद्यालयांना अनुदान देणे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. विधिशिक्षणाचा दर्जा हा गरिबांच्या न्यायाशी निगडित प्रश्न आहे, हे तत्त्व यातून मान्य झाले.

विद्यार्थ्यांच्या पाहणीकार्याचे अलीकडील ठळक उदाहरण दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे आहे. मृत्युदंड झालेल्या कैद्यांच्या पाहणीस तेथे २०१३ मध्ये आरंभ झाला. तीत विद्यार्थ्यांनी देशभरातील तुरुंगांत जाऊन मुलाखती घेतल्या. अशा ३८५ कैद्यांपैकी ३७३ कैद्यांची माहिती २०१६ च्या अहवालात आली असून, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिक दृष्ट्या दुर्बल असल्याचे आढळले. अत्यंत कठोर शिक्षा आणि दारिद्र्य यांचा हा संबंध त्यामुळे आकड्यांत मांडला गेला.

मर्यादा व मूल्यमापन : भारतातील केंद्रांपुढील मुख्य अडचण कायद्यातच आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिलीचा हक्क केवळ नोंदणीकृत अधिवक्त्यांना आहे. कलम ३२ अन्वये न्यायालय विशिष्ट प्रकरणात अन्य व्यक्तीस परवानगी देऊ शकते. परंतु विद्यार्थ्यांना अमेरिकेप्रमाणे नियमित मुभा नाही. पूर्णवेळ अध्यापकासही वकिली करता येत नाही. १९७९ च्या नियमांनी वकिली करणाऱ्यास दिवसाकाठी तीन तासांपर्यंत अध्यापनाची मुभा दिली आहे. पण ती अंशकालिक अध्यापकांच्याच उपयोगाची आहे. परिणामी केंद्रात आलेले प्रकरण न्यायालयाच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते, आणि तेथे पाठपुरावा तुटण्याचा संभव असतो.

दुसरी अडचण सातत्याची आहे. परीक्षा व सुट्या यांच्या वेळापत्रकानुसार विद्यार्थी येतात आणि जातात. पक्षकाराचा तंटा मात्र वर्षानुवर्षे चालतो. प्रत्येक प्रकरणाची लेखी नोंद, नव्या तुकडीकडे विधिवत हस्तांतरण आणि अध्यापकाचे कायमचे उत्तरदायित्व नसेल, तर अर्धवट साहाय्यामुळे पक्षकाराची अपिलाची मुदत टळून त्याचे भरून न येणारे नुकसान होऊ शकते. अनेक ठिकाणी या कामास शैक्षणिक गुण नाहीत व अध्यापकाच्या कार्यभारातही त्याची गणना होत नाही. त्यामुळे नियमपूर्तीसाठी वर्षातून एखादे शिबिर भरवून समाधान मानण्याची प्रवृत्ती दिसते.

तिसरा आक्षेप मूलभूत आहे. ही केंद्रे मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी असतील, तर गरीब पक्षकार हा त्यांच्या सरावाचे साधन ठरेल, अशी शंका घेतली जाते. तिला उत्तर म्हणून पक्षकाराची संमती, माहितीची गुप्तता व अनुभवी व्यक्तीची देखरेख हे दंडक सर्वत्र आवश्यक मानले जातात. वस्तीतील लोकांच्या संघटनांशी विचारविनिमय करून कामाचे विषय ठरविणे, हाही एक उपाय होय. लोकांनी मागितलेले काम आणि महाविद्यालयाने योजलेला कार्यक्रम यांत जेवढी एकवाक्यता असेल, तेवढे केंद्र लोकांच्या विश्वासास पात्र ठरते.

अशा केंद्रांमुळे विधिसाहाय्याचा प्रश्न पूर्णपणे सुटेल, असे नाही. ते दायित्व मूलतः शासनाचे आहे. तथापि कायद्याची भाषा आणि सामान्य माणसाची अडचण यांच्यामधील दुभाष्याचे काम ही केंद्रे करतात. भावी वकील व न्यायाधीश यांना शिक्षणकाळातच तुरुंग, झोपडपट्टी व आदिवासी पाडे यांचे प्रत्यक्ष दर्शन घडणे, हा त्यांचा दूरगामी लाभ होय.