भाड्याची मध्यम एसयूव्ही : जाणवते ते आणि असते ते

भारतात २०१२ साली रेनॉ डस्टर आणि २०१५ साली ह्युंदाई क्रेटा बाजारात आल्यानंतर साधारण सव्वाचार ते साडेचार मीटर लांबीच्या, उंच बांधणीच्या मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला, आणि पुढे किया सेल्टॉस, स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन, मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर व होंडा एलिव्हेट यांनी तो विस्तारला. ‘मिड-साइज एसयूव्ही’ या नावाने ओळखला जाणारा हा वर्ग आता स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांतही सहज आढळतो. घरी लहान हॅचबॅक असलेली अनेक कुटुंबे कोकण, गोवा किंवा महाबळेश्वरच्या सहलीपुरती अशी गाडी घेतात. चालकाला उंच बैठक, जड दरवाजा, रुंद बॉनेट आणि खड्ड्यांवरून न आदळता जाणारी चाके प्रथमच अनुभवायला मिळतात व काही तासांतच गाडीविषयी त्याचे मत ठाम होते. हे अनुभव खोटे नसतात. मात्र त्यांवरून काढले जाणारे निष्कर्ष बरेचदा चुकीचे असतात, आणि अनोळखी गाडी, अनोळखी रस्ता व भरलेले कुटुंब एकत्र आल्यावर अशा चुकीची किंमत मोठी असू शकते. म्हणून सर्वाधिक आढळणाऱ्या सहा समजुती येथे वस्तुस्थितीशी ताडून पाहिल्या आहेत.

गैरसमज १ : एसयूव्ही म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, कुठेही जाणारी गाडी

वस्तुस्थिती : एसयूव्ही हे नाव गाडीचा आकार व बांधणीची शैली सांगते, इंजिनाचा जोर किती चाकांपर्यंत पोहोचतो, हे त्यातून कळत नाही. वस्तू व सेवा कर परिषदेने २०२३ साली मोठ्या युटिलिटी वाहनांवरील अधिभारासाठी जे निकष स्पष्ट केले, ते तीनच होते : चार मीटरहून अधिक लांबी, १५०० सीसीहून मोठे इंजिन आणि रिकाम्या गाडीची जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंची. चारही चाकांना जोर मिळावा, अशी अट त्यांत नव्हती. वर उल्लेखिलेल्या बहुतेक गाड्या भारतात केवळ पुढच्या दोन चाकांवर चालतात आणि ग्रँड विटारा व हायरायडर यांच्या काही निवडक आवृत्त्यांतच चारही चाकांची व्यवस्था मिळते. शिवाय या गाड्यांची रचना मोनोकॉक, म्हणजे सांगाडा व बाह्य कवच एकसंध असलेली आहे. स्कॉर्पिओ-एन, थार किंवा फॉर्च्युनर यांच्याप्रमाणे वेगळ्या मजबूत चौकटीवर, म्हणजे लॅडर फ्रेमवर, त्यांची बॉडी बसवलेली नसते.

परदेशात भाड्याची गाडी घेणाऱ्या मराठी प्रवाशांनाही हाच मुद्दा लागू होतो. तेथील अनेक भाडे-कंपन्या गाड्यांचे वर्गीकरण ‘ॲक्रिस’ या चार अक्षरी संकेताने करतात. त्यातील पहिले अक्षर आकार, दुसरे गाडीचा प्रकार, तिसरे गिअर व चाकांना मिळणारा जोर आणि चौथे इंधन व वातानुकूलन दाखवते. ‘आयएफएआर’ या नेहमीच्या संकेतातील ‘ए’ गिअर स्वयंचलित असल्याची हमी देतो, पण जोर दोन चाकांना की चार चाकांना, हे अनिर्दिष्ट ठेवतो. स्वयंचलित गिअरबरोबर चारही चाकांची हमी हवी असल्यास तिसऱ्या जागी ‘बी’ किंवा ‘डी’ असावे लागते. बर्फाळ प्रदेशात हा फरक महत्त्वाचा ठरतो. तरीही चारही चाकांना मिळणारा जोर गाडी पुढे नेण्यास मदत करतो, थांबवण्यास नव्हे, कारण ब्रेक सर्वच मोटारींत चारही चाकांना असतात आणि थांबण्याचे अंतर शेवटी टायर व रस्ता यांच्यातील पकडीवर ठरते. मऊ वाळूत तर पुढच्या चाकांवर चालणारी जड गाडी लवकर रुतते. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे, आणि तसे करणाऱ्यास दंडाबरोबरच भरतीच्या पाण्यात सापडलेल्या गाडीचा खर्चही सोसावा लागू शकतो.

गैरसमज २ : उंच बसल्याने सगळे दिसते, म्हणून गाडी अधिक सुरक्षित असते

वस्तुस्थिती : उंच बैठकीवरून पुढच्या वाहनांच्या पलीकडचा रस्ता अधिक दिसतो, हे खरे आहे. परंतु याच उंचीचे दोन परिणाम चालकाच्या लक्षात येत नाहीत. पहिला परिणाम वेगाच्या जाणिवेवर होतो. वेगाचा अंदाज माणूस बऱ्याच अंशी जवळची जमीन डोळ्यांसमोरून किती झपाट्याने मागे सरकते, यावरून बांधत असतो. डोळे जमिनीपासून जितके उंच, तितकी ही सरकण्याची गती कमी भासते. वाहन चालवण्याच्या कृत्रिम यंत्रणेवर, म्हणजे सिम्युलेटरवर, झालेल्या संशोधनात उंचावरून पाहणारे चालक नकळत अधिक वेग निवडतात, असे आढळले आहे. लहान गाडीची सवय असलेल्या चालकाने म्हणूनच पहिल्या दिवशी अंदाजापेक्षा वेगदर्शक काट्यावर अधिक विसंबावे. दुसरा परिणाम म्हणजे उंच व रुंद बॉनेटसमोरची आणि मागच्या काचेखालची जमीन दिसत नाही. तेथे उभे असलेले लहान मूल आरशांतही न येण्याची शक्यता असते.

स्थैर्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. गाडी उलटण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी अमेरिकेचे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन ‘स्थिर स्थैर्य गुणक’ वापरते. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागल्यावर तो मिळतो. साध्या मोटारींत हा गुणक बहुधा १.३० ते १.५० असतो, तर उंच बांधणीच्या एसयूव्ही, पिकअप व व्हॅन यांच्यात तो १.०० ते १.३० इतका असतो. गुणक जितका लहान, तितका उलटण्याचा धोका अधिक. छपरावरील कॅरिअरवर सामान बांधल्यास गुरुत्वमध्य आणखी वर जातो. घसरू लागलेल्या गाडीच्या एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी ‘इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल’ ही यंत्रणा हा धोका बराच कमी करते, परंतु ती असली तरी वळणावरचा अतिवेग क्षम्य ठरत नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनात समोरील आघाताची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जाते. या मूल्यांकनात गाडीला मिळणारे तारे ठरावीक चाचण्यांतील कामगिरी दाखवतात, आणि ती कामगिरी सीटबेल्ट लावलेल्या अवस्थेतील असते. मागच्या आसनावर बेल्ट न लावता बसलेल्या प्रवाशासाठी त्या ताऱ्यांचा अर्थ फारसा उरत नाही.

गैरसमज ३ : गाडी उंच आहे, त्यामुळे पाण्यातून सहज निघेल

वस्तुस्थिती : या वर्गातील गाड्यांची जमिनीपासूनची उंची साधारण १९० ते २२० मिलिमीटर असते. ही उंची गतिरोधक व खड्डे यांवर उपयोगी पडते. वाहत्या पाण्यात तिचा आधार फार थोडा असतो. पाणी तळाला लागताच गाडीला वर उचलणारा जोर निर्माण होतो, चाकांवरील भार घटतो, पकड कमी होते आणि मग बाजूने येणारा प्रवाह तिला ढकलू लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या मार्गदर्शनानुसार सुमारे ३० सेंटिमीटर वेगवान पाणी बहुतेक लहान मोटारी वाहून नेऊ शकते आणि सुमारे ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्ही व ट्रकही वाहून नेऊ शकते. कोकणातील फरशीवरून ओढ्याचे गढूळ पाणी जात असताना खोली डोळ्यांनी कळत नाही, आणि खालचा रस्ता शाबूत आहे की नाही, हेही कळत नाही.

साचलेल्या पाण्याचा धोका वेगळा आहे. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर हवेप्रमाणे ते दाबले जात नसल्याने वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. अशा नुकसानीची भरपाई नेहमीच्या विम्यात बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन-संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. भाड्याच्या गाडीच्या विम्यात ते आहे की नाही, हे पावसाळ्यात आधीच विचारून घ्यावे.

गैरसमज ४ : घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवल्यास इंधन वाचते, आणि आधुनिक ब्रेक सगळे सांभाळतात

वस्तुस्थिती : आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण थांबतो, कारण चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाही आणि इंजिनाचा नैसर्गिक अवरोधही हातचा जातो.

हा अवरोध किती मोलाचा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. पाच प्रवासी व सामान यांसह सुमारे १७०० किलोग्रॅम वजनाची गाडी ६०० मीटर उंची उतरते, तेव्हा जवळपास एक कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढी उष्णता तीस लिटरहून अधिक पाणी सामान्य तापमानापासून उकळीला आणू शकते. तिचा काही भाग हवा व टायर यांच्या विरोधात खर्च होतो, परंतु सतत ब्रेक दाबून ठेवल्यास उरलेली उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल यांना सोसावी लागते. ब्रेक ऑइल कालांतराने हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो : ‘डॉट ४’ दर्जाच्या नव्या ऑइलसाठी किमान २३० अंश सेल्सिअस असलेली मर्यादा ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पायाखालचे पेडल पोकळ लागते. भाड्याच्या गाडीतील ऑइल कधी बदलले, हे चालकाला ठाऊक नसते. म्हणूनच आंबोली, गगनबावडा किंवा चोर्ला यांसारख्या घाटांत खालचा गिअर, आणि स्वयंचलित गाडीत ‘एल’, ‘एस’ किंवा मॅन्युअल स्थिती वापरणे हाच सुरक्षित मार्ग आहे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य द्यावे, असा नियमही आहे, आणि गाडी ताब्यात असलेल्या चालकालाच तो पाळता येतो.

गैरसमज ५ : भाड्याने चालवून पाहिली, म्हणजे त्या गाडीची खरी ओळख झाली

वस्तुस्थिती : एकाच नावाखाली बऱ्याच भिन्न गाड्या विकल्या जातात. २०२४ च्या क्रेटामध्ये १.५ लिटरची तीन इंजिने उपलब्ध होती : साधे पेट्रोल इंजिन सुमारे १४४ न्यूटन-मीटर पीळबल, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते, तर टर्बो पेट्रोल इंजिन २५३ आणि डिझेल इंजिन २५० न्यूटन-मीटर देते. भाड्याला मिळालेली गाडी साध्या पेट्रोल इंजिनाची असेल, तर भरलेल्या अवस्थेत घाट चढताना ती दमते, या अनुभवावरून डिझेल आवृत्तीविषयी काहीच सांगता येत नाही. गिअरच्या प्रकारांचेही तसेच आहे, कारण टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि दुहेरी क्लच या तिन्ही स्वयंचलित पद्धतींचा प्रतिसाद भिन्न असतो. टायरमधील हवा ठरल्यापेक्षा अधिक असली तर गाडी उगाच कडक वाटते, कमी असली तर स्टिअरिंग सुस्त लागते. योग्य दाब बहुधा चालकाच्या दरवाजाजवळच्या खांबावरील पट्टीवर छापलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो.

मायलेजविषयीही असाच घोटाळा होतो. जाहिरातीतील आकडे प्रयोगशाळेत रोलरवर घेतलेल्या चाचणीचे असतात आणि दीर्घकाळ प्रचलित असलेल्या भारतीय चाचणीचक्रात सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर इतकाच धरलेला होता. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गानुसार वाढत असल्याने ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर जाताच तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि उंच व रुंद समोरच्या भागामुळे एसयूव्हीला तो अधिक जाणवतो. द्रुतगती मार्गावर मायलेज घसरले, तर त्याचा अर्थ गाडी सदोष आहे असा होत नाही.

गैरसमज ६ : गाडीला विमा आहे, म्हणजे भाडेकरूची जबाबदारी संपली

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तृतीय पक्षाचा, म्हणजे अपघातात सापडलेल्या इतरांच्या हानीचा, विमा सक्तीचा आहे, भाड्याच्या गाडीचे स्वतःचे नुकसान कोणी व किती भरायचे, हे मात्र भाडेकरारावर ठरते. त्याआधीचा प्रश्न गाडी कायदेशीरपणे भाड्याची आहे का, हा असतो. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या नोंदणीकृत गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीवरची काळी अक्षरे खासगी गाडी दर्शवतात आणि तिचा विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो, त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या अशा गाडीचा अपघात झाल्यास भरपाईचा दावा नाकारला जाऊ शकतो. काळ्या पाटीसाठी वेगळा व्यावसायिक परवाना लागतो, हा समजही निराधार आहे : ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७५०० किलोग्रॅमपर्यंतचे हलके परिवहन वाहनही चालवू शकते, असा निर्वाळा दिला.

या सहाही समजुतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : मोठी गाडी चालकाला जो निर्धास्तपणा देते, तो गाडीचा गुण मानला जातो. वास्तविक तो बैठकीची उंची, जाड पत्रा व शांत केबिन यांतून उपजणारा अनुभव आहे, आणि टायरची पकड, गुरुत्वमध्य, ब्रेकची उष्णता किंवा पाण्याचा जोर त्याची दखल घेत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत वर्षानुवर्षांचा सराव ही उणीव भरून काढतो. भाड्याच्या गाडीत तेवढा अवधी नसतो. म्हणून गाडी ताब्यात घेताना पाटी, कागदपत्रे व करार वाचावा, टायरची हवा व झीज पाहावी, गिअरची पद्धत समजून घ्यावी, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक व वळणाचा अंदाज घ्यावा, आणि त्यानंतरच कुटुंबाला बसवून घाटाकडे निघावे. एवढ्या तयारीला फार वेळ लागत नाही, आणि मध्यम एसयूव्हीची प्रशस्त जागा, आरामदायी चाल व लांबच्या प्रवासातील सोय हे खरे गुण त्यानंतरच निश्चिंतपणे उपभोगता येतात.